तुझ्याच पळाट्यांच्या कांड्या

पालमच्या स्टँडवर, बसची वाट बघत बसलेल्या सत्यशीलाच्या मागच्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांची एका पोत्यावरून जुंपली होती.

"लाकूड सात रुपये किलो, अन् ही चुलीत घालायची दाबलेली कांडी दहा. येडी का गं लीला?"

"लाकूड ओलं हाय, अक्का. निम्मं पानीच तोलून देतेत."

"पन कांड्या तुज्याच पळाट्यांच्या! कापूस येचल्यावर रान साफ होतंय म्हनून त्या वाळल्या काड्या तूच फुकट दिल्या कांडीच्या कारखान्याला."

"दिल्या की."

"अन् आता इकत घ्यायलीस!"

"सून बाळंतीन हाय. पानी, शेक, समदं चुलीवर. कांडीचा धूर कमी होतो."

"आपन न्हाई का धुरात बाळंतपनं काढली?"

"काढली की, अक्का. म्हनून तर घेतली."

मागे पोतं हलवून बघितल्याचा आवाज सत्यशीलाला आला.

"सव्वा म्हैना पुरंल का एवढं पोतं?"

"बघू."

"बघू काय? ऊठ. बस यायच्या आत अजून एक आनू."