अण्णांचा फोटो

फोटोग्राफी का सोडली विचारतोस ना, सांगतो. कसब्यातल्या एका कॅमेरा क्लबात मी हौसेनं जायला लागलो होतो. पहिल्याच दिवशी वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, हसरा फोटो दाखवला. तिथले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, चेहरा काय, स्टुडिओवालाही काढतो. आपण जरा वेगळं बघा."

ओशाळून मी तो फोटो पुसूनच टाकला आणि वेगळं बघायला लागलो. खडकवासल्याला पाठमोरे अण्णा, भिंतीवर त्यांची सावली, पेपर धरलेले हात. क्लबात कौतुक व्हायचं.

पुढे अण्णा अचानक गेले. हार घालायला फोटो हवा होता, म्हणून आईपुढे सगळे मांडले. ती एकेक नीट बघत गेली.

"छान काढलेस रे," ती म्हणाली. "पण यात हे कुठे आहेत?"