पुरणयंत्र कुठल्या टेबलावर?

अरे, नॉटिंगहॅमच्या लायब्ररीत आजीने काय केलं, ते सांगायचं राहिलंच. मी अमेरिकेत इतिहास शिकून नुकतीच नॉटिंगहॅमला घरी परतले होते. तिथल्या खेड्यातल्या काउंटी म्युझियममध्ये पहिल्या वस्ती करणाऱ्यांचं लोणी घुसळायचं पिंप काचेत ठेवलेलं. ते जर्मनीहून आलेलं, पण सगळे त्याला तिथलंच मानायचे. म्हटलं, लायब्ररीत भरणाऱ्या आपल्या स्ट्रीटच्या इतिहासाच्या प्रदर्शनात आजीचं पुरणयंत्र का नको?

आजीला घेऊन गेले आणि ‘आपले जुने रहिवासी’ लिहिलेल्या टेबलावर ते ठेवलं. आयोजक डेरेक, आमच्याच स्ट्रीटवर वाढलेला, म्हणाला, “छान आहे, पण हे लोकल नाही. तिकडे समोशांपाशी ‘जगभरातून’च्या टेबलावर ठेव.”

मी तडकले. पिंप, जर्मनी, सगळं भाषण ठोकलं. डेरेकवर काही परिणाम नाही.

मग आजी म्हणाली, “डेरेक, लहानपणी स्ट्रीट पार्टीत माझा बटाट्याचा मॅश खायला परत परत यायचास ना?”

“हो, मिसेस जोशी! तसा मॅश माझ्या आईलाही जमला नाही.”

“बटाटे यातूनच काढायचे मी.”

डेरेकने यंत्राचा दांडा फिरवून पाहिला. “तरीपण, टेबलं ठरलेली आहेत...”

आजीने खुर्ची ओढली आणि टेबलाला खेटून बसली. “यंत्र हलणार नाही. हलवायचं तर आधी मला उचल. आणि ते समोसेही इकडे आण. सकाळी आपल्याच स्ट्रीटवर तळलेत मी.”