‘कुठे काय’ म्हणणाऱ्या बोक्शिमताई

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सोल्मे प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक माननीय को दाल्सू सर, जिल्हा शिक्षण कार्यालयातून सकाळच्या बोटीने खास या कार्यक्रमासाठी आलेले प्रमुख पाहुणे माननीय मा ग्वांगशिक साहेब, महिला मंडळाच्या अध्यक्षा, बेटावरची वडीलधारी मंडळी, शिक्षकवर्ग, मुलांनो, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या, व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन दुसऱ्या रांगेत खांबाआड बसलेल्या आमच्या मुख्य स्वयंपाकीण, प्यो बोक्शिमताई, आपणा सर्वांना माझा कमरेत वाकून नमस्कार.

वडीलधाऱ्यांची आधीच क्षमा मागते. बाके मुलांच्या मापाची आहेत. गुडघे छातीशी आले असतील. मी थोडक्यात आटोपते.

माझं नाव ओयदिन. मी मूळची उझबेकिस्तानातल्या नामांगानची. सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन या बेटावर आले आणि गेली चौदा वर्षं या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. कोरियन भाषेत ‘ओई’ म्हणजे काकडी, त्यामुळे मुलं मला काकडीमावशी म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या आठवड्यात होती.

ताईंचे स्वयंपाकाचे गुण इतर वक्ते सांगतीलच. मी सांगणार आहे ते, त्यांनी मला शिकवलेल्या एका वेगळ्याच विषयाबद्दल.

कामावर रुजू झाले त्या दिवशी मी मुळा चिरत होते. शेजारी काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई, हात किती चालतो हिचा! काय सुरेख चिरते!’’ आमच्या नामांगानला अशा वेळी मान तुकवून ‘रहमत’ म्हणतात, म्हणजे आभार. मी आपली कोरियनमध्ये हसून म्हणाले, ‘‘आभारी आहे.’’

चार सुऱ्या एकदम थांबल्या.

बोक्शिमताईंनी मला हाताला धरून किमचीच्या फ्रिजमागे नेलं. मला वाटलं, बोट कापलंय की काय माझं. ताई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘असं लगेच घ्यायचं नसतं गं.’’

‘‘काय घ्यायचं नसतं?’’

‘‘कौतुक. कोणी कौतुक केलं की आधी म्हणायचं, ‘नाही हो.’ तरी केलं तर म्हणायचं, ‘कुठे काय.’ आणि तिसऱ्यांदा केलं तर, ‘अजून खूप शिकायचंय मला.’’’

‘‘आणि ते खरं असलं तर?’’

‘‘खरं असलं तर जास्तच म्हणायचं.’’

सभ्य स्त्री-पुरुषहो, मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. घरी गेले. नवरा म्हणाला, आज छान दिसतेस. मी म्हणाले, नाही हो. तो म्हणाला, खरंच छान दिसतेस. मी म्हणाले, कुठे काय. त्याने आणखी एकदा प्रयत्न केला, तेव्हा मी म्हणाले, अजून खूप शिकायचंय मला. त्यानंतर दोन वर्षं त्याने हा विषय काढला नाही.

पुढे सणाला पाहुणे आले. ताटातली कोबीची आंबवलेली किमची खाऊन म्हणाले, ‘‘वा, काय चव आहे!’’ मी तत्परतेने म्हणाले, ‘‘नाही हो, अगदी बेचव झालीय.’’ किमची सासूबाईंनी केली होती. पुढचे चार दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी ताईंकडे गेले. ताईंनी कपाळाला हात लावला. ‘‘अगं वेडे, स्वतःच्या गोष्टीला नावं ठेवायची! सासूच्या नाही!’’

तर असे हे धडे. हळूहळू मी तयार झाले. इतकी, की कोणी माझ्या नकाराचं कौतुक केलं तर तेही नाकारू लागले.

आता मुख्य हकीकतीकडे येते. मा साहेब व्यासपीठावर आहेत. काही चुकलं तर त्यांनी मला थांबवावं.

पाच वर्षांपूर्वी आपल्या शाळेत एकतीस मुलं उरली होती. कार्यालयाचा विचार चालू होता की लहान शाळांची स्वयंपाकघरं बंद करावीत आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या भटारखान्यातून रोज बोटीने जेवण पाठवावं. बोट पन्नास मिनिटांची. समुद्र खवळला की बोट नाही, आणि बोट नाही म्हणजे मुलांना कोरडा पाव. कुठलं स्वयंपाकघर ठेवायचं, कुठलं नाही, हे ठरवण्यासाठी एक कागद आला. बत्तीस प्रश्न. ज्याने त्याने स्वतःच्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे.

ताई चष्मा लावून बसल्या. मी भांडी पुसत पुसत डोकावले. चव: दोन. स्वच्छता: तीन. ही बाई मोरीची जाळी दात घासायच्या ब्रशने घासते!

‘‘ताई, हे काय लिहिताय?’’

‘‘मग काय लिहू? स्वतःच्या हाताने स्वतःला पाच? उद्या तोंड कुठे लपवू?’’

‘‘निदान चार तरी.’’

‘‘चार लिहिले की कळतंच ना, मनात पाच आहेत म्हणून.’’

को सरांनी कागद वाचला आणि तसाच सही करून पाठवला. ताईंचे गुण वाढवले तर त्यांचा अपमान होईल, असं त्यांना वाटलं. शिवाय सरांचं स्वतःचं एक पान त्याला जोडलेलं होतं. त्यात ‘नेतृत्व’ या सदरात त्यांनी दीड लिहिलं होतं. अर्धा गुण द्यायची सोय त्या कागदात नव्हती. ती सरांनी पेनाने करून घेतली.

महिन्याभरात पत्र आलं. सगळ्या जिल्ह्यात आपलं स्वयंपाकघर शेवटून पहिलं. सत्र संपलं की बंद. कारण लिहिलं होतं, ‘कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार.’

ताईंनी पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि तांदूळ धुवायला घेतले.  एकवीस वर्षं त्यांनी या चुलीपाशी काढली होती. नवरा समुद्रात बुडाला, त्यानंतर चौथ्या दिवशी त्या इथे कामावर हजर होत्या. हे मला त्यांनी कधी सांगितलेलं नाही. गावाने सांगितलं.

को सरांनी फेरविचाराचा अर्ज केला आणि मा साहेब स्वतः पाहणीला आले. त्या दिवशी मुळा घालून शिजवलेला बांगडा, समुद्री शेवाळाचं सूप, भात आणि किमची होती. साहेबांनी भात दोनदा घेतला. मग आम्ही चौघं सरांच्या खोलीत बसलो. साहेब म्हणाले, ‘‘बाई, जेवण फारच उत्तम होतं.’’

ताई म्हणाल्या, ‘‘नाही हो. ताटात काही नव्हतंच. उगाच तुम्हाला बोटीने यायचा त्रास.’’

‘‘खरंच सांगतो, उत्तम होतं.’’

‘‘कुठे काय.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘बाई, मीही याच मुलखातला आहे. तुम्ही का असं म्हणताय ते मला कळतंय. पण माझ्या या कागदावर ‘कळतंय’ असा रकानाच नाही. कोणीतरी एकाने आकडा सांगा. को सर, तुम्ही सांगता?’’

को सर म्हणाले, ‘‘जे काही आहे ते गावकऱ्यांच्या प्रेमामुळे.’’ आणि छताकडे पाहू लागले.

साहेब माझ्याकडे वळले. ‘‘तुम्ही परदेशी ना? कोरियन किती छान बोलता!’’

‘‘नाही हो,’’ मी म्हणाले, ‘‘अजून खूप शिकायचंय मला.’’

आणि तोंडातून ते निघालं त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. खोलीत चार माणसं होती आणि चारही जण मोठ्या सभ्यपणे ते स्वयंपाकघर बुडवत होतो. इथे जन्मलेल्या तिघांना ‘हो’ म्हणणं शक्य नव्हतं. राहिले मी. परदेशी माणसाला एक सवलत असते. त्याला कळत नाही असं समजून लोक त्याला माफ करतात. अकरा वर्षं मी ती सवलत घ्यायची नाही म्हणून धडपडले होते. त्या दुपारी घेतली.

‘‘साहेब, लिहून घ्या,’’ मी म्हणाले. ‘‘चव: पाच.’’

टेबलाखाली ताईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला.

‘‘स्वच्छता?’’ साहेबांनी पेन उचललं.

‘‘पाच.’’

चिमटा.

‘‘वेळेवर वाढप?’’

‘‘पाच. चौदा मिनिटांत एकतीस ताटं.’’

चिमटा. ताईंच्या बोटांत केवढा जोर आहे, हे पीठ मळताना मी पाहिलं होतं, पण अनुभवलं नव्हतं. सातव्या प्रश्नाला साहेबांनी विचारलं, ‘‘कोठीची खोली?’’ मी म्हणाले, ‘‘दोन. छत गळतं.’’ साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, तिथून पुढे त्यांना माझं खरं वाटू लागलं.

असं करत आम्ही विसाव्या प्रश्नाशी आलो. ‘‘पदार्थांत विविधता?’’

मी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘तीन. मुळा फार होतो.’’

चिमटा आला नाही. त्याऐवजी शेजारची खुर्ची मागे सरकली.

‘‘मुळा फार होतो?’’ ताई उभ्या राहिल्या होत्या. ‘‘कधी फार झाला? जरा सांग ना, कधी? साहेब, तो मुळा मी पहाटे मळ्यात जाऊन एकेक उपटून बघून आणते! या सबंध किनाऱ्यावर तसा मुळा कोणी खाऊ घालून दाखवावा! मुलं ताट घेऊन दोन-दोनदा येतात त्याच्यासाठी! जो पोरगा घरी भाजीला हात लावत नाही, तो इथे रस्सा पितो, रस्सा! आणि म्हणे फार होतो!’’

 को सर छतावरून खाली आले.

मा साहेबांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, ‘‘म्हणजे बाई, किती लिहू?’’

ताईंचे कान लाल झाले होते. त्यांनी एप्रनचं टोक मुठीत धरलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ‘‘पाच.’’

उरलेले बारा प्रश्न त्यांनीच सांगितले. सगळे पाच नाही सांगितले. भांड्यांना चार दिले. ती भांडी खरोखरच चारची होती.

स्वयंपाकघर राहिलं. कोठीचं छतही दुरुस्त झालं. ताई मात्र त्यानंतर नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ‘‘गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस,’’ एवढंच त्या अधूनमधून म्हणत. आणि गावात कोणी विचारलं की सांगत, ‘‘त्या काकडीला कळत नाही हो. परदेशी आहे.’’ हे सांगताना त्या माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढत.

आता शेवटचं सांगते आणि बसते. गेल्या शुक्रवारी ताईंचा कामाचा शेवटचा दिवस होता. शेवाळाचं सूप त्यांनी मला करायला सांगितलं. चौदा वर्षांत ते पातेलं त्यांनी कोणाच्या हातात दिलेलं नाही. मी केलं. त्यांनी पळीने थोडं घेतलं, फुंकलं, चाखलं. मी नेहमीसारखी वाट पाहत उभी राहिले, की आता म्हणतील, मीठ बघ, नाहीतर आच बघ.

त्या म्हणाल्या, ‘‘माझ्यापेक्षा चांगलं झालंय.’’

बाहेर मुलं ताटं घेऊन रांगेत उभी होती. 

ताई म्हणाल्या, ‘‘अगं, नाही म्हण ना!’’

मी म्हणाले, ‘‘नाही म्हणणार.’’

त्यावर त्या नळाकडे वळल्या आणि ती एकच पळी धूत राहिल्या. मुलांचं वाढप मी सुरू केलं. सगळी ताटं वाढून झाली तरी नळ चालूच होता.

माझ्यानंतर सत्काराला उत्तर द्यायला ताई इथे येतील. त्या तुम्हाला सांगतील की त्यांनी सव्वीस वर्षांत विशेष काही केलं नाही. कृपा करून शांतपणे ऐकून घ्या, आणि जोरात टाळ्या वाजवा.

अध्यक्ष महाशयांनी मला बोलू दिलं आणि वडीलधाऱ्यांनी त्या बाकांवर इतका वेळ कळ काढली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द खालीवर झाला असेल, तर पोटात घाला. चूक माझी आहे, भाषेची नाही. आणि ताई, शिकवणीत तर कुठेच नव्हती.