आवाज न होणारा कॅमेरा

बसा मंडळी, जरा पुढं सरका, मागच्यांना टेकायला भिंत मिळू द्या. आज आरंभालाच एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका! माणूस विचारायला सगळ्यात जास्त कोणाला घाबरतो? साहेबाला? सासऱ्याला? हसू नका! रस्ता चुकला तर आपण पानवाल्याला विचारतो. करपट ढेकर आली तर शेजारच्या कंपाउंडरला विचारतो. साधा पंखा घ्यायचा तर अख्ख्या गल्लीला विचारतो. मग असा कोण आहे हो, ज्याच्यापुढं तोंडच उघडत नाही?

ऐका तर. आजच्या आख्यानात राजा नाही, राणी नाही, शाप नाही. आज आहे एक कॅमेरा! आता पेटीवाले माझ्याकडं बघायला लागले. वाजवा तुम्ही, सांगतो.

कोल्हापुरात उल्हास नेरुरकर नावाचा एक गृहस्थ. नाव उल्हास, आणि चेहरा कायम असा, की घरी गॅस बंद करायचा राहून गेलाय! काळजी करणं हाच त्याचा जोडधंदा. घरात बायको नीला आणि आई द्वारकाबाई. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती काही परत उभी राहिली नाही. त्यात हृदय थकलेलं. डॉक्टरांनी उल्हासला बाहेर नेऊन सांगितलं, "प्रवास आता विसरा. जपा त्यांना. किती दिवस, ते मला विचारू नका."

झालं! आधीच काळजीवाला, त्यात डॉक्टरांचं हे वाक्य! आई जरा गप्प पडून राहिली की हा पलंगापाशी वाकून तिचा श्वास बघायचा. ती डोळे उघडून म्हणायची, "आहे रे मी. जा कामाला."

एके दिवशी बशीतून चहा पाजताना आई म्हणाली, "आंबेखोलला एकदा जाऊन यायचं राहिलं बघ."

आंबेखोल म्हणजे तिचं माहेर. तळकोकणात खाडीकाठी एवढंसं गाव. भाऊ एकेक करून गेले आणि जाणं-येणं सुटलं. एवढंच बोलली ती, आणि बिस्कीट मागितलं.

आता उल्हासच्या मनानं काय घेतलं? म्हातारी आहे, अंथरुणाला खिळलीय, म्हणजे हिला माहेरच्या देवीचं दर्शन हवं! श्रीदेवी माउलीचं! अहो, आईनं देवीचं नाव तरी घेतलं होतं का? मी आत्ताच सांगितलं, तुम्ही ऐकलंत. घेतलं होतं? नव्हतं! पण आपलं असंच असतं. केस पांढरे झाले की माणसाला देवाशिवाय दुसरं काही नकोच, असं आपणच ठरवून टाकतो. मी कीर्तनकार असून सांगतो, मलासुद्धा कधीकधी नुसती भजी हवी असतात!

बरं, देवीचा फोटो आणावा, तर अडचण मोठी. माउलीच्या गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, हा गावाचा शिरस्ता. पिढ्यान्‌पिढ्यांचा! तिचं चित्र छापलेला कागद जगात कुठं मिळायचा नाही. उल्हासनं विचार केला आणि उठून आधी दाराला कडी घातली. विचार असा होता, की चोरून काढायचा!

तुम्ही म्हणाल, फोन होता की खिशात. होता! पण गाभाऱ्यात उजेड समईचा. त्याच्या फोननं अंधारात काढलेला फोटो म्हणजे काळ्या घोंगडीवर दोन ठिपके. शिवाय फोन वर धरला की गावातलं पोरसुद्धा ओळखतं. म्हणजे कॅमेरा हवा. उपरण्याखाली मावेल असा लहान, अंधारात दिसणारा, आणि आवाज न करणारा!

गेला दुकानात. दुकानदार शहापुरे, बोलायला मोकळा माणूस. त्यानं विचारलं, "कशासाठी हवाय?"

"प्रवासासाठी," उल्हास म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

"मग मिररलेस घ्या. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा. फोटो काढताना तो उचलला जायचा, खटॅक! ह्यात आरसाच नाही. म्हणून अंगानं लहान. शटरचा आवाजही बंद करता येतो."

"अजिबात होत नाही आवाज?"

"शेजारी झोपलेला माणूस जागा होणार नाही. पण एक सांगतो साहेब, एकदा बॉडी घेतली की लेन्स त्याच घराण्याच्या घ्याव्या लागतात. नीट बघून सोयरीक करा."

सोयरीक म्हटल्यावर उल्हास घाबरलाच! घरी आला आणि विचारत सुटला. ऑफिसातला चिटणीस म्हणाला, "सेन्सर मोठा घे, अंधारात तोच कामाला येतो." मेहुणा म्हणाला, "मोठ्या सेन्सरला लेन्सही मोठी लागते, ती काय डोक्यावर घेऊन फिरणार?" व्हिडिओतला एक पोरगा म्हणाला, हात हलला तरी चित्र हलत नाही असाच घ्या. दुसरा म्हणाला, बॅटरी बघा, आधी बॅटरी! ह्यानं एक पक्का करावा, आणि चहा निवेपर्यंत तो रद्द करावा. अहो, मुलीच्या लग्नाला स्थळं बघताना माणूस एवढा झुरत नाही!

आणि तिकडं आई? आईचा आवाज बारीक व्हायला लागला. पोळी सुटली, भाताची पेज आली. उल्हासला दोन्हीकडून घेरलं. चुकीचा कॅमेरा घेतला तर देवी काळी येईल, आणि थांबलो तर दाखवायला आई उरणार नाही! जेवता जेवता ताट सारायचा आणि पुन्हा व्हिडिओ लावायचा.

नीला म्हणाली, "अहो, एवढं जगाला विचारताय, एकदा आईंना विचारा ना, त्यांना काय बघायचंय?"

"तिला कशाला? आयत्या वेळी दाखवू. खूश होईल!"

नीलाच्या ह्या वाक्याला गाठ मारून ठेवा मंडळी. पुढं सोडायची आहे.

शेवटी घेतला एकदाचा. मुठीत मावेल असा, चपटी लेन्स, जेवणाच्या डब्यापेक्षा हलका. आवाज बंद केला, फ्लॅश बंद केला, चार वेळा तपासला आणि पहाटे गाडी काढली.

आंबेखोलला पोचला तर उन्हं नुकती चढत होती. देऊळ उघडायला अवकाश होता. कॅमेरा नवा, म्हणून म्हटलं, जरा चाचणी घेऊ. खाडीवरची होडी टिपली. जांभ्या दगडाच्या पायऱ्या टिपल्या. विहिरीवरचा रहाट टिपला. एका अंगणात एक म्हातारी सुपात आमसुलं पसरत बसली होती. तिच्यावर फोकस धरून बघितला, बरोबर धरला गेला, तीही टिपली!

म्हातारीनं मान वर केली. "कोणाचो रे तू?"

"असाच... फिरायला आलोय," म्हणून हा सटकला. चोरी करायला आलेला माणूस आईचं नाव कसं सांगणार?

देऊळ उघडलं. तिथला रिवाज, पुरुषानं सदरा काढून गाभाऱ्यात जायचं. उल्हास उघडाबंब, खांद्यावरून उपरणं, आणि त्याखाली पोटाशी धरलेला तो थंडगार कॅमेरा! समोर समईच्या उजेडात माउली. ओटी भरायला आलेल्या दोन बायका बाजूला उभ्या. आत्माराम गुरव हार सारखा करत होते, त्यांची पाठ होती. उल्हासच्या छातीत असं धडधडायला लागलं की त्याला वाटलं, कॅमेऱ्याचा नाही, पण ह्याचा आवाज नक्की ऐकू जाईल! उपरण्याची कड सारली. बोट ठेवलं. अर्धवट दाबलं...

आणि गाभारा केशरी झाला!

काय झालं? अहो, अंधारात फोकस धरायला कॅमेऱ्याच्या तोंडावर एक बारीक दिवा असतो, तो आपोआप लागतो. आवाज बंद केला, फ्लॅश बंद केला, तो दिवा राहिला! थेट माउलीच्या कपाळावर केशरी ठिपका!

गुरव वळले. "उपरण्याखाली काय आसा ता?"

उल्हासनं कॅमेरा बाहेर काढून पुढं ठेवला. तिथंच बसला, आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. आई, खुबा, डॉक्टर, पेज, सगळं. गुरव ऐकून घेतात, रागावत नाहीत. नुसते म्हणतात, "मगे इचारूक काय झाला होता तुका?"

"नाही म्हणाले असते तुम्ही."

"मी कोण नाय म्हणणारो? तिका इचारूक होया. ती नाय म्हणात ह्या भियान चोरूक इलंस?"

आणि त्यांनी कौल लावला. देशावरच्या मंडळींना सांगतो, कौल म्हणजे देवीला प्रश्न. फुलाच्या ओल्या कळ्या तिच्या अंगाला उजवीकडं-डावीकडं चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि झील म्हणजे मुलगा, तेवढं ध्यानात ठेवा.

"बा देवी माउली!"

"व्हय म्हाराजा!" त्या दोघी बायका म्हणाल्या.

"तुझ्या गावची माहेरवाशीण द्वारका हातरुणार पडली हा. तिचो झील तुझ्या पायाकडे इलो हा. तिका दाखवूक तुझो फोटो होयो म्हणता. देतंस तर उजवी दी, नाय तर डावी दी. पण लेकराक ताटकळत ठेवू नको!"

"व्हय म्हाराजा!"

कळ्या हलेनात. समई तडतडली. उल्हास उजव्या कळीकडं बघतोय, पापणी लवत नाही. पड, पड गं बाई. माझी आई थांबायची नाही. पड! आणि मंडळी, कळी सुटली.

डावी!

उल्हास ढसाढसा रडला. पन्नाशीचा माणूस, उघडा, गुडघ्यात डोकं घालून. गुरवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "फोटोक नाय म्हणाली ती. डोळ्यांका नाय म्हणाली नाय. आता बघ तिच्याकडे." तेव्हा ह्यानं पहिल्यांदा देवीकडं पाहिलं. तोवर तो नुसता अंतर आणि उजेड बघत होता.

परतीच्या वाटेवर घाटाखाली एका दुकानात दुसऱ्याच देवींच्या तसबिरी टांगलेल्या. गाडी थांबवली त्यानं! ह्यातलीच एक दाखवली तर? म्हातारीला काय कळतंय? हात खिशाकडं गेला होता हो. पण उतरला नाही. डावी कळी डोळ्यांपुढून जाईना.

घरी आला. आई उशीला टेकून बसलेली. ह्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. चोरीसुद्धा!

आईनं हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं. मग म्हणाली, "माउलीचा फोटो? कशाला रे मेल्या? ती मला पाठ आहे. डोळे मिटले की समोर उभी. चोरून आणणार होतास तिला?" आणि मग त्या यंत्राकडं बोट करून, "ह्यात मग काहीच नाही का आंबेखोलचं?"

"आहे... चाचणीचे काढलेले. फालतू."

"दाखव फालतू."

नीलानं कॅमेरा टीव्हीला जोडला. होडी आली. "ही तर! हिच्यातून आम्ही पल्याड जत्रेला जायचो!" पायऱ्या आल्या. "तिसरीवर पडले होते मी, ही बघ हनुवटी!" म्हातारीला उठवून बसवायला दोन माणसं लागायची, ती एकटी पुढं सरकायला लागली! आणि मग आली ती आमसुलं पसरणारी बाई.

आई टीव्हीकडं बघतच राहिली. ओठ हलले, आवाज येईना. उल्हास धावला, "आई! आई, काय होतंय?"

"मालू," आई म्हणाली. "अरे, ही मालू आहे. आम्ही एका ताटात जेवायचो. जिवंत आहे ही! मालग्या, दात खंय गेले गो तुझे?" आणि हसायला लागली, आणि डोळ्यांतून पाणी. "काय म्हणाली रे तुला?"

"कोणाचा रे तू, म्हणाली."

"मग? सांगितलंस माझं नाव?"

 उल्हासनं मान हलवली, नाही म्हणून. कपाटामागं तोंड लपवावं असं झालं त्याला. सगळं कोल्हापूर पालथं घातलं विचारत, आणि आईला एकदा विचारलं नाही की बाई गं, तुला काय बघायचंय! का नाही विचारलं? ती म्हणाली असती, मला तिथं ने. आणि ते ह्याला जमणार नव्हतं. त्याची भीती होती!

मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि पहिल्यांदा विचारलं, "आई, काय करू मी तुझ्यासाठी?"

आई म्हणाली, "नीला, माझी वेणी घाल. नथ काढ डब्यातली." आणि त्याच्याकडं वळून, "माझा काढ. नि उद्याच्या उद्या जाऊन मालूला दाखव. सांग, द्वारकेचो झील मी."

पडदे ओढलेले, खोलीत उजेड कमी. उल्हासनं कॅमेरा उचलला, बोट अर्धवट दाबलं. तो केशरी दिवा लागला, आईच्या गालावर, नथीवर. आता तो बंद करायची गरज नव्हती.

पुढं? दुसऱ्या दिवशी तो घाट उतरला. तो पोचेपर्यंत, परतेपर्यंत आई होती का, हे मला विचारू नका. तोही सगळी वाट त्याच काळजीत होता. तुम्हीही थोडे राहा.

आणि आता माझ्याकडं बघा. तुमच्या घरीही कोणीतरी उशीला टेकून बसलंय. त्यांच्यासाठी तुम्ही काय काय ठरवून ठेवलंय, मला माहीत आहे. गुडघ्याचा पट्टा, मोठा टीव्ही, चार धामांची सहल! त्यांना विचारलंत? ज्याचं "नाही" आपल्याला झेपणार नाही, किंवा ज्याचं "हो" आपल्याला पुरं करता येणार नाही, त्यालाच विचारायला माणूस घाबरतो. आरंभाच्या प्रश्नाचं हे उत्तर. आरती होईल, प्रसाद घ्या, गप्पा मारत रेंगाळू नका. घरी जा, चप्पल काढा, आणि आधी तेवढं विचारून या. मी इथंच बसलोय, टाळ खाली ठेवून.