तिन्ही घंटा

(इटलीतलं एक गाव, लाल शर्यतगाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं. चर्चच्या घंटामनोऱ्याचा वरचा मजला. नोव्हेंबरातली संध्याकाळ.)

मिरेल्ला : ...आणि ही मनोऱ्याची किल्ली माझ्या हातात कशाला कोंबताय, बाबा?

लोरीस : खाली गेलीस की फादरना दे. म्हणावं, घंटावाला दुसरा बघा.

मिरेल्ला : मी काय तुमची पोस्टमन? खाली जाऊन सूप आणलंय. आतल्या पिठाच्या तोर्तेल्लिनी फुगायच्या आत खा.

लोरीस : घशाखाली उतरायचं नाही.

मिरेल्ला : हरलात तुम्ही नाही, हरला तो गाडी चालवणारा सिल्वानो.

लोरीस : तो कुठं हरला? शर्यत जिंकलीच की त्यानं! तिथंच घोळ झाला ना. आपला पहिला आणि तो इंग्रज चौथा, म्हणजे वर्षाचं विजेतेपद आपलं. रेडिओवाला बोंबलला, "सिल्वानो पार!" मी कानातली वायर उपटली आणि धरले दोर.

मिरेल्ला : इंग्रजाची गाडी अजून मागं होती.

लोरीस : रेषा समोर दिसत असताना तिसऱ्याचं पेट्रोल संपेल, हे मला काय स्वप्न पडलं होतं? पेट्रोल! वरातीतल्या गाडीचंसुद्धा असं संपत नाही.

मिरेल्ला : संपलं खरं. इंग्रज आयता तिसरा झाला, आणि एका गुणानं आपलं गेलं.

लोरीस : नुसती शर्यत जिंकली तर मोठी घंटा एकटी. वर्ष जिंकलं तरच तिन्ही. माझ्या आज्यापासूनचा नियम आहे. आणि मी दोन दोर हातात, एक पायात घेऊन...

मिरेल्ला : खाली चौकात चिडीचूप. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर इंग्रज नाचतोय, दिनो बारवाला फोडलेली बाटली धरून तसाच उभा, आणि वर तुम्ही लग्न लागल्यासारखे बडवताय.

लोरीस : मग कुणी थांबवलं का नाही मला? अख्ख्या गावात एकालाही जिना चढता येत नाही?

मिरेल्ला : मी आले की.

लोरीस : सगळं वाजवून झाल्यावर.

फादर एर्मेस : हुश्श... देवा रे. दरवर्षी दोन पायऱ्या वाढवतं कोण इथं? सरक जरा पोरी, बसू दे.

लोरीस : बरे आलात, फादर. मिरेल्ला, दे ती किल्ली त्यांना. आणि बसवा आता तुमची ती मोटर. बटण दाबलं की घंटा. इतकी वर्षं मीच आडवा आलो, माणसाच्या हाताचा नाद वेगळा म्हणून. ऐकलात ना नाद?

फादर एर्मेस : ऐकला. हे सूप कुणी खात नाहीये का?

मिरेल्ला : घ्या तुम्ही. आणि ही किल्लीसुद्धा.

लोरीस : मी चेष्टा करत नाहीये, फादर. हरण्याचं मला काही नाही, हरायची सवय आहे आपल्याला. पण पहिले ठोके पडले तेव्हा लोक खाली आनंदानं गळ्यात गळे घालून रडत होते. त्यांना मी दिलं, आणि दिलेलं काढून घेतलं. उद्या सकाळच्या प्रार्थनेची घंटा मी वाजवली तर लोक विचारतील, खरी आहे ना?

मिरेल्ला : विचारतील. आठवडाभर विचारतील. मग विसरतील.

लोरीस : याच्याआधी तिन्ही वाजवल्या तेव्हा तुझी आई खाली उभी राहून हात हलवत होती.

फादर एर्मेस : सोळा वर्षं झाली त्याला. लोरीस, तू आत्ता विचारत होतास, कुणी थांबवलं का नाही. मी होतो जिन्याच्या तळाशी.

लोरीस : कधी?

फादर एर्मेस : इंग्रज तिसरा दिसला आणि झगा सावरत धावत आलो, तुला थांबवायलाच. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तसाच राहिलो.

लोरीस : दम लागला?

फादर एर्मेस : नाही रे. सोळा वर्षांनी ऐकत होतो. म्हटलं, वाजू दे थोडं. मग म्हटलं, अजून थोडं.

मिरेल्ला : यांनाच बाजूला सारून वर आले मी. डोळे पुसत होते.

फादर एर्मेस : घाम होता तो.

मिरेल्ला : नोव्हेंबरात?

लोरीस : ...खाली अजून लोक का दिसतायत? पडदा तर बंद झाला. मला हसायला थांबलेत?

मिरेल्ला : दिनोनं विचारायला सांगितलंय. सिल्वानो पहिला आला ना? मग त्याची घंटा कुठाय?

लोरीस : आज? आज कसली घंटा?

फादर एर्मेस : आज्याचा नियम तुझा. वर्ष हरलं तर शर्यतीची वाजवू नये, असं म्हणाला होता का तो?

लोरीस : तिन्हींत ती आलीच.

मिरेल्ला : ती वर्षाची होती. चुकली, गेली. शर्यतीची राहिलीय. तो पोरगा रडून डोळे सुजवून बसला होता, तरी चौथऱ्यावर चढून त्यानं कप घेतला, बाबा. मनोऱ्यात लपून नाही बसला.

लोरीस : ...फादर, किल्ली आणा इकडे.

फादर एर्मेस : आणि मोटर?

लोरीस : तुमच्या घराच्या दाराला बसवा. मिरेल्ला, ते बारक्या घंटांचे दोन दोर खुंटीला बांध. घट्ट बांध. हातांनी नाही ऐकलं तर परत तिन्ही वाजतील.