बारा पात्यांचं पाणी

कस्तुरी : ...म्हणजे एकूण पाती बारा. धड पाच, तडकलेली सात. चार धारेशी, तीन मुठीशी. बाळाजीकाका, ही तुम्ही पाण्यात बुडवलीत?

बाळाजी : तुमीच फोनवर म्हनलात, ‘काका, नव्या पत्र्याला पानी द्या.’

कस्तुरी : पाणी द्या म्हणजे तापवून कडक करा! हे पोलाद तेलात विझवायचं असतं. तुम्ही लोहार, म्हणून तुमचाच शब्द वापरला मी.

बाळाजी : आमी तेलात बुडवलं तरी पानीच म्हनतो, ताई. पन तुमी इंजिनियर. म्हनलं, शिकलेलं मानूस पानी म्हनतंय, म्हंजे पानीच असनार.

कस्तुरी : अरे देवा.

बाळाजी : चार वाजता मीना सलमान बंदरावरनं मासळी कंपनीवाल्यांची गाडी येती. बारा सुऱ्या न्हाई दिल्या तर खलास. मालक गौरवसाहेब म्हनले, आता माल परत आला तर व्हिसा रिन्यू न्हाई. अकरा वर्षं झाली मला हितं.

कस्तुरी : मी सांगते त्यांना, चूक माझी होती.

बाळाजी : सांगा. तुमाला मेमो मिळंल, मला घरचं तिकीट.

कस्तुरी : तो पत्रा अजून शिल्लक आहे?

बाळाजी : मफी, संपला. मागवला तर आठवडा जाईल. म्हनून सकाळपास्नं ही सात बडवली, ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानपाट्याची. ह्यांना माझ्या पद्धतीनं तेलच दिलंय. सातही एकाच भट्टीतली.

कस्तुरी : कमानपाटा तडकणार नाही, चिवट असतो. पण त्यात कार्बन कमी. नवं पोलाद कडकपणात साठपर्यंत जातं, हे तितकं जाणार नाही.

बाळाजी : त्यांच्या जुन्या स्टेनलेसपरास बरं की! ती गंजत न्हाई, पन दोन हामूर मासे कापले की बोथट. माझं पातं वाकवून बघा, सुतासारखं सरळ हुतंय.

कस्तुरी : वाकवून कोण बघणार? त्यांना आकडा हवाय. कडकपणा छप्पन्न, त्याखाली माल परत. विझवल्यावर परत ताव कुठवर दिलात?

बाळाजी : तपकिरी रंग येस्तवर. जरा जास्तच झाला, पातं मऊ पडलं आसंल. त्या सातांचा आवाज कानात हुता ना, टणाटण फुटल्याचा. हात भ्याला.

कस्तुरी : द्या इकडे एक.

(कडकपणा मोजायच्या मशीनचं हिऱ्याचं टोक पात्यात रुततं.)

बाळाजी : ताई, काटा जरा अलीकडं राहिला, तर छप्पन्नच लिवा की.

कस्तुरी : त्यांच्याकडेही हेच मशीन आहे, काका. तीन ठिकाणी मोजते, सरासरी काढते. पहिला... सत्तावन्न.

बाळाजी : यल्ला! जमलं की!

कस्तुरी : थांबा. दुसरा पंचावन्न.

बाळाजी : आन् तिसरा? ताई, बोला की.

कस्तुरी : साडेचोपन्न. सरासरी साडेपंचावन्न. छप्पन्नाला अर्धा कमी.