ताईच्या पुतळ्यात मी कुठे?

नाही, मला एक सांगा, पुतळा करणाऱ्या माणसाला "यात तुम्ही कुठे आहात?" असं कुणी विचारतं का हो? अहो, कुठे म्हणजे? हा काय, पुतळ्यासमोर, हातात पॉलिश पेपर, नाकात भुकटी! पण नाही. आर्ट गॅलरीच्या बाई चष्मा डोक्यावर चढवून, मान तिरकी करून म्हणतात, "छान आहे हं... पण यात तुम्ही कुठे आहात?" तुम्हाला सांगतो, तेव्हापासून माझं डोकं जे बधिर झालंय ते अजून तसंच आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी पुतळे करतो. चौकातले नव्हे हो, कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते. तीस वर्षं झाली. तुमच्या अंगावरचा हा शर्ट... हो, तुम्हीच, दुसऱ्या रांगेतले... हा आधी माझ्या पुतळ्याने घातला असणार, आणि राग मानू नका, त्याला जरा बरा दिसला असणार. तर, गेल्या वर्षी माझी थोरली बहीण गेली. ताई. आई लवकर गेलेली, त्यामुळे मला वाढवलं ताईने, झोडपलं ताईने, शेंबूड पुसला तोही ताईने. आणि एक दिवस सकाळी दात घासताना मला तिचा चेहराच आठवेना! आवाज आठवतोय, चपला घासत चालणं आठवतंय, चेहरा नाही! तिच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून बघितला, पण त्यात ती दम रोखून बसलेली, कुणीही असेल. घाबरलो हो मी. तोंडात फेस तसाच आणि भाचीला फोन लावला.

भाची म्हणजे ताईची मुलगी. ती म्हणाली, "मामा, अरे तू पुतळे करतोस ना? मग आईचा कर! आणि प्रोजेक्टरने त्याच्या चेहऱ्यावर आईचा व्हिडिओ सोडू. हसेल, बोलेल... आणि लोक येऊन बघतील!" मी म्हटलं, "लोक कशाला?" तर तोवर तिने गॅलरीचा फॉर्म भरलासुद्धा! खोली मिळाली, बारा बाय पंधरा, आतून काळी कुळकुळीत. फॉर्मवर लिहिलेलं, 'कलाकृती वैयक्तिक असावी.' आता सख्ख्या बहिणीपेक्षा वैयक्तिक काय असतं? तर बाई म्हणतात, "हो, पण यात तुम्ही कुठे आहात?"

बरं, पुतळा तरी धड व्हावा? माझ्याकडे बायकांचा साचा एकच. उंची पाच फूट दहा, कंबर चोवीस. हात आपोआप साच्याकडे गेला हो! भाची आली, पुतळ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मामा... ही कोण?" ताई चार फूट अकरा, आणि कमरेबद्दल मी काही बोलणार नाही, अजून भीती वाटते. मोडला. नव्याने केला, बुटका, गोल, ताईसारखा. मग चेहरा. आता आमच्या धंद्यात चेहरा कोरा ठेवतात, गिऱ्हाइकाने कपडा बघावा, तोंड नाही. मी ताईचं नाक केलं. घासायला बसलो. घासता घासता विचार करत होतो, नाक असंच होतं ना? जरा रुंद होतं का? आणि बघतो तर नाक गायब! सपाट! तीन वेळा नाक केलं, तीन वेळा माझ्याच हातांनी साफ करून टाकलं. शेवटी भाची म्हणाली, "राहू दे मामा, चेहरा व्हिडिओतून येईलच."

येईलच म्हणे! ताईने बावीस वर्षं घरातलं सगळं कॅमेऱ्यात घेतलं. अडतीस कॅसेटी! कॅमेऱ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. "काचेला बोटं लावाल," म्हणायची. तर प्रोजेक्टरवाला आला, वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसला, म्हणाला, "काका, सोडू?" म्हटलं, सोड. आणि ताईच्या गोल खांद्यांवर, त्या कोऱ्या तोंडावर... मिशी! मी! सायकल धरून उभा! दुसरी कॅसेट लावली, मी, जांभई देताना. तिसरी, मी, भाचीला खांद्यावर घेऊन. आणि मागून आवाज, "ठोंब्या, बाजूला सर, झाड दिसत नाहीये!" अडतीस कॅसेटी बघितल्या हो, ताई कुठेच नाही! असणार कशी, शूटिंग तीच करत होती ना! एकदा फक्त जमिनीवर सावली दिसली, बुटकी, गोल. भाची रडायला लागली, मला काय करावं कळेना. पुतळा ताईचा, चेहरा माझा, आवाज पुन्हा ताईचा! प्रोजेक्टरवाला म्हणतो, "काका, हे असंच आहे का?" मला काय माहीत! आणि नेमक्या तेवढ्यात बाई आल्या. चष्मा डोक्यावर, मान तिरकी. "वा! पण आता... यात ताई कुठे आहेत?"

मी तिथेच वायरींच्या गुंत्यात बसलो. प्रोजेक्टरवाल्याने यंत्र उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "काका, हे कुठे ठेवू? स्टँड राहिलाय." मी वैतागून म्हटलं, "दे तिच्या हातात!" आमच्या पुतळ्यांचे हात कोपरात वाकवलेलेच असतात, पर्स अडकवायला. त्याने हात खांद्यातून वर फिरवले आणि खरंच ठेवलं हो, तोंडासमोर! उजेड समोरच्या भिंतीवर पडला, आणि मी मागे वळून पुतळ्याकडे बघितलं.

ताई! अगदी ताई! तोंडाच्या जागी यंत्र आणि खाली ते गोल खांदे! अहो, मला चेहरा आठवणार कसा? बावीस वर्षं मी तिला अशीच बघितली, कॅमेऱ्यामागे! नाक नव्हतंच कधी! रडू आलं मला, सगळ्यांदेखत. तसाच उठलो, तिच्याजवळ जायला निघालो, तर उजेडाच्या मध्येच आलो, भिंतीवर माझी भलीमोठी सावली पडली आणि खणखणीत आवाज आला, "ठोंब्या, बाजूला सर!"

सरलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, गपगुमान भिंतीला चिकटलो.

आता उद्या उद्घाटन. बाई पुन्हा विचारणार, सगळ्यांसमोर विचारणार, "यात तुम्ही कुठे आहात?" सांगून टाकीन... ताई उभा करेल तिथे.